दप्तररक्षकाची टिपणवही : आर्थर ॲगार्डचा 'कॉम्पेंडियम' आणि यादीचे गद्य

गद्याच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे कथन, निबंध आणि चरित्र यांकडे जाते. फार तर पत्रे, बखरी आणि रोजनिशी यांपर्यंत ते पोचते. यादी, जंत्री, फेरिस्त, दप्तराचा झाडा हे लेखनप्रकार मात्र साधनांच्या कोटीत टाकले जातात. त्यांतून माहिती काढून घ्यावयाची आणि ते बाजूस ठेवावयाचे, अशीच एकंदर रीत आहे. यादीलाही कर्ता असतो, तिलाही वाचक अभिप्रेत असतो आणि कशानंतर काय यावे याविषयी तिच्या कर्त्याने काही निर्णय घेतलेले असतात, हे त्यामुळे दृष्टीआड होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी इंग्लंडच्या राजदप्तराची राखण करणाऱ्या आर्थर ॲगार्ड या अधिकाऱ्याची टिपणे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. त्याने १६१० मध्ये सिद्ध केलेला 'कॉम्पेंडियम' हा वरवर पाहता कागदपत्रांचा ठावठिकाणा सांगणारा एक संग्रह आहे. परंतु चाळीस वर्षांच्या नोकरीत एका माणसाच्या डोक्यात साठलेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती सोपविण्यासाठी तो लिहिला गेला, आणि हे ज्ञान कोणाच्या मालकीचे हा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतर लगेच वादाचा झाला. या दोन गोष्टींमुळे त्याला निव्वळ यादीपेक्षा अधिक महत्त्व प्राप्त होते.

ॲगार्डचा जन्म १५४० मध्ये डर्बीशर परगण्यातील फॉस्टन येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर तो एक्सचेकर या खात्यात लेखनिक म्हणून आला, १५७० मध्ये उपचेंबरलेन झाला आणि १६१५ च्या ऑगस्ट महिन्यात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४५ वर्षे, त्याच जागेवर राहिला. एक्सचेकर म्हणजे राज्याच्या वसुलीचे व हिशेबाचे खाते. ज्या चौकटीच्या कापडावर सोंगट्या मांडून जमाखर्चाचा मेळ घातला जाई त्या कापडावरून त्याला हे नाव पडले. या खात्याचे दोन चेंबरलेन असत आणि ती पदे मानाची असत. प्रत्यक्ष काम त्यांचे दोन दुय्यम करीत. मान एकाकडे आणि किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याकडे, हा प्रकार कोणत्याच काळातील शासनव्यवस्थेस अपरिचित नाही.

वसुली पाहणाऱ्या खात्याकडे दप्तर कसे आले, हे मराठी वाचकाला स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे. मध्ययुगीन इंग्लंडात राजाचे द्रव्य आणि राजाचे लेख एकाच ठिकाणी ठेवले जात. नाणी, दागिने, तहनामे, न्यायालयांच्या चर्मपत्री गुंडाळ्या हे सर्व 'कोष' या एकाच कल्पनेत बसत असे. कारण लेख हेही राजाचे धनच होते. १३०३ मध्ये रिचर्ड ऑफ पडलिकोट नावाच्या चोराने वेस्टमिन्स्टर मठाच्या आवारातील राजकोष फोडला तेव्हा त्याने जडजवाहीर लांबविले. ज्या जागेची राखण धनासाठी होत होती, तिथेच पुढे लेखांची राखण होऊ लागली. ॲगार्डच्या काळापर्यंत या कोषागारांतील सोनेनाणे जवळजवळ हलले होते, पण कुलपे आणि किल्ल्या तशाच राहिल्या होत्या.

'कॉम्पेंडियम'ची रचना या कुलपांच्या आधाराने झालेली आहे. ॲगार्डने चार कोषागारे मानली. पहिले, एक्सचेकरच्या जमा विभागातील टॅली कोर्ट नावाचे दालन. १०८६ मधील जमीनपाहणीचा सुप्रसिद्ध 'डूम्सडे' ग्रंथ येथे होता. त्याच्या पेटीला तीन कुलपे होती व त्यांच्या किल्ल्या खजिनदार आणि दोन चेंबरलेन या तिघांकडे विभागलेल्या होत्या. तिघांच्या संमतीवाचून ग्रंथ उघडणे शक्य नव्हते. दुसरे कोषागार नव्या राजवाड्याच्या आवारात. तिसरे, मठ बरखास्त झाल्यानंतर रिकाम्या झालेल्या चॅप्टर हाउस या अष्टकोनी सभागृहात. चौदाव्या शतकात सामान्य प्रतिनिधींची सभा कधीकधी येथेच भरत असे. चौथे, त्याच मठाच्या ओवरीतील एक भक्कम खोली. तिला दुहेरी दारे होती आणि पाच कुलपे.

यांपैकी प्रत्येक दालनात कोणते पेटारे, कोणत्या पिशव्या, कोणत्या गुंडाळ्या कोठे आहेत, हे ॲगार्ड क्रमाने सांगत जातो. न्यायालयांचे निवाडे, जमिनीच्या व्यवहारांचे लेख, परराज्यांशी झालेले तह, व्यापारी करार, राजघराण्यातील विवाहांचे करार असा हा सारा पसारा आहे. आधुनिक वाचकाला हा क्रम विषयवार नसल्यामुळे गैरसोयीचा वाटेल. तथापि ही यादी बसून वाचण्यासाठी केलेली नाही. हातात किल्ल्या घेऊन, एका दारातून दुसऱ्या दाराकडे चालत जाणाऱ्या माणसासाठी ती आहे. वाक्यांचा क्रम हा पावलांचा क्रम आहे. मराठी गद्याच्या अभ्यासकाला येथे महानुभावीय 'स्थानपोथी'चे स्मरण होणे शक्य आहे. दोहोंच्या प्रेरणांत काहीच साम्य नाही. एकीकडे श्रद्धा आहे, दुसरीकडे नोकरी. पण वाचकाला जागेवर उभे करून मग तेथे काय आहे ते सांगावयाचे, ही मांडणी दोन्हीकडे दिसते.

अशा यादीची निकड का भासावी, हे त्या दप्तरातील एका लेखप्रकारावरून उत्तम रीतीने कळते. जमिनीच्या मालकीविषयी दोन पक्षांत राजन्यायालयासमोर समेट झाला की तो एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहिला जाई. दोन प्रती शेजारी-शेजारी आणि तिसरी खाली आडवी. नंतर ते चर्मपत्र नागमोडी रेषेत कापून वरच्या दोन प्रती दोन्ही पक्षांना देत आणि खालची प्रत, जिला त्या पत्राचा 'पाय' म्हणत, कोषागारात ठेवीत. ही पद्धत ११९५ मध्ये सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकली. उद्या एखाद्याने बनावट प्रत पुढे आणली तर कोषागारातील 'पाय' काढून त्याची कड जुळवून पाहावयाची. कड जुळली तर लेख खरा.

खात्याच्या हिशेबातही हेच तत्त्व होते. टॅली म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी. भरलेल्या रकमेप्रमाणे लहानमोठ्या खाचा पाडून ती उभी चिरली जाई. एक भाग भरणाऱ्याकडे, दुसरा खात्याकडे. हिशेबाच्या वेळी दोन्ही भाग जुळवून पाहिले जात आणि हे जुळवणीचे काम उपचेंबरलेनच्या कर्तव्यांत मोडत असे. ॲगार्डचे आयुष्य अशा रीतीने दोन अर्ध्या वस्तू एकमेकींना भेटविण्यात गेले. अर्धी वस्तू गावोगावच्या माणसांकडे होती, अर्धी त्याच्या दालनांत. त्याच्याकडची हरवली की बाहेरची मुकी होत असे. दप्तर म्हणजे हक्क, हे समीकरण महाराष्ट्राला १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनच्या चौकशीत प्रखरपणे अनुभवावे लागले. पेशवे दप्तरातील नोंदी एकीकडे आणि घरोघरच्या सनदा दुसरीकडे, अशी ती जुळवणी होती. तिच्यात कित्येक घराण्यांची वतने पणाला लागली.

आता ज्या भागामुळे ॲगार्डचे नाव अभिलेखशास्त्राच्या इतिहासात राहिले त्याकडे वळता येईल. दप्तराला निष्काळजीपणामुळे चार प्रकारची हानी संभवते, असे तो सांगतो : आग, पाणी, उंदीर व घुशी, आणि भलत्या जागी ठेवणे. या चारांना तो पाचवी हानी जोडतो, ती म्हणजे लेख सरळ उचलून नेणे. मराठी दप्तरे हाताळलेल्या संशोधकाला या गणनेत वाळवी आणि कसर नाहीत, हे लगेच जाणवेल. थंड प्रदेशातील चर्मपत्राचे आणि कोकणातील कागदाचे शत्रू वेगळे, एवढाच त्याचा अर्थ.

या गणनेचा क्रम बारकाईने पाहावयास हवा. आग आणि पाणी ही महाभूते. उंदीर हा सजीव, पण त्याच्या ठिकाणी हेतू नाही. मेंढीच्या कातड्यापासून केलेले चर्मपत्र त्याला खाद्य वाटते, इतकेच. चौथी हानी मनुष्याची आहे, पण तीतही हेतू नाही. पाचवी मनुष्याची आहे आणि हेतुपूर्वक आहे. निसर्गाकडून माणसाकडे आणि माणसाच्या अनवधानाकडून त्याच्या इच्छेकडे अशी ही चढती श्रेणी आहे. ती ॲगार्डने जाणीवपूर्वक रचली असेल किंवा नसेल. चार म्हणून झाल्यावर पाचवी जोडण्याची लकब पाहता, लिहिता लिहिता त्याला काहीतरी आठवले असावे, असे वाटते. नोकरीत असलेला माणूस चोरीचा उल्लेख पहिल्या दमात करीत नाही.

यांतील चौथी हानी सर्वांत महत्त्वाची मानावयास हवी, कारण ती दिसत नाही. जळालेल्या लेखाची राख सापडते, भिजलेल्याचा वास येतो, कुरतडलेल्याचे तुकडे पडतात. भलत्या पेटाऱ्यात गेलेला लेख मात्र अखंड, सुरक्षित, कुलूपबंद असतो आणि तरीही तो नसल्यातच जमा असतो. हजारो गुंडाळ्यांच्या दालनात तो पुन्हा हाती लागणे हा योगायोगाचा भाग. पुण्याच्या दप्तरात रुमाल सोडून पुन्हा बांधताना एखादा कागद शेजारच्या रुमालात गेला तर काय होते, हे तेथे काम केलेल्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. पहिल्या तीन हानींवर भिंत, छप्पर आणि मांजर हे उपाय असू शकतात. चौथीवर लेखनाखेरीज उपाय नाही. 'कॉम्पेंडियम' हाच तो उपाय आहे. म्हणजे हा मजकूर ज्या संकटाचे वर्णन करतो त्याचे निवारणही तोच आहे, आणि यादी व इशारा हे दोन्ही एकाच वहीत असण्याचे कारण येथे सापडते.

जागा सांगितल्याने काम संपत नाही. सापडलेला लेख वाचता यावा लागतो. ॲगार्डच्या ताब्यातील लेख मुख्यत्वे लॅटिनमध्ये व कायद्याच्या फ्रेंचमध्ये होते. लिपी न्यायालयीन वळणाची, शब्द जागोजाग आखडलेले. सामान्य सुशिक्षिताला ती लिपी लागत नसे. आज देवनागरीत वाढलेल्या वाचकापुढे शिकस्ता मोडी ठेवली तर जी अवस्था होईल, तीच ही. यासाठी ॲगार्डने वर्षानुवर्षे न्यायालयीन गुंडाळ्यांची सारे काढली व अनुक्रमण्या केल्या. त्या 'ॲगार्डच्या अनुक्रमण्या' याच नावाने पुढे ओळखल्या गेल्या.

त्याच्या वाचनाचा आणखी एक पुरावा लंडनच्या पुराभ्यासक मंडळाच्या कामकाजात आहे. साधारण १५८६ पासून सुमारे वीस वर्षे हे मंडळ भरत असे. विल्यम कॅम्डेन, रॉबर्ट कॉटन, जॉन स्टो ही त्यातील प्रसिद्ध नावे. सभेत एक प्रश्न ठरवून दिला जाई आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपला आधार घेऊन बोलावयाचे असा दंडक होता. ॲगार्डने येथे परगण्यांची प्राचीनता, पार्लमेंट, भाटांचे अधिकार, जमिनीची मापे इत्यादी विषयांवर निबंध वाचले. टॉमस हर्न याने १७२० मध्ये ते छापले. जमिनीच्या मापांवरील निबंध विशेष लक्षणीय आहे. 'डूम्सडे'त येणाऱ्या हाइड, कॅरुकेट, सोलिन, व्हर्गेट अशा संज्ञांचा अर्थ त्याने कोशाऐवजी जुन्या हस्तलिखितांतील वापरावरून लावण्याचा यत्न केला. एकाच संज्ञेचा अर्थ प्रांतोप्रांती बदलतो, हे अशा शोधातच उमगते. बिघा, चावर, पांड यांच्याशी झुंजलेल्या मराठी संपादकाला या श्रमाची कल्पना येईल.

अर्थात लेखांच्या इतक्या निकट असणे हे अचूकतेचे अभयपत्र नव्हे. बाराव्या शतकातील 'डायलॉगस दे स्कॅकारिओ' हा एक्सचेकरच्या कारभारावरील संवादग्रंथ ॲगार्डने टिलबरीच्या जर्व्हेसच्या नावावर घातला. रिचर्ड फिट्झनील हा त्याचा खरा कर्ता असल्याचे टॉमस मॅडॉक्स याने १७११ मध्ये तो ग्रंथ छापताना सप्रमाण दाखविले. स्वतःच्याच खात्याच्या आद्य ग्रंथाविषयी खात्यातील सर्वांत जाणत्या माणसाची चूक व्हावी, हे चमत्कारिक खरे. पण जागेचे ज्ञान आणि कर्तृत्वाचे ज्ञान या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीत ॲगार्ड निष्णात होता. दुसरी त्याच्या काळात अजून घडावयाची होती.

दप्तर पाहण्याचा हक्क कोणाला होता, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. तत्त्वतः प्रजेपैकी कोणीही शुल्क भरून शोध करवून घेऊ शकत होता. 'डूम्सडे'मधील शोधासाठी सहा शिलिंग आठ पेन्स आणि नकलेच्या प्रत्येक ओळीस चार पेन्स हा दर दीर्घकाळ रूढ होता. सहा शिलिंग आठ पेन्स म्हणजे पौंडाचा तिसरा हिस्सा. ही रक्कम गरिबाच्या आवाक्यातील खासच नव्हती. शिवाय शोध करणारा तो स्वतः नसे. दालनात शिरणारा, गुंडाळी ओळखणारा, ती वाचणारा आणि नक्कल देणारा माणूस एकच, दप्तररक्षक. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग या शुल्कातून येई. अशा स्थितीत आपले ज्ञान वहीत उतरवून ठेवणे म्हणजे आपल्या अपरिहार्यतेवर पाणी सोडणे होय. कित्येक दप्तररक्षकांनी अनुक्रमण्या केल्या नाहीत किंवा केलेल्या दडवून ठेवल्या, त्यामागे आळसापेक्षा हा हिशेब अधिक असावा. ॲगार्डने लिहिले, सत्तरीत लिहिले, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

यादीला राजकीय वजनही होते. लंडनच्या टॉवरमधील दप्तराचा रक्षक विल्यम लँबार्ड याने १६०१ च्या ऑगस्टमध्ये तेथील गुंडाळ्यांची सूची राणी एलिझाबेथ हिला सादर केली. राणीने ती चाळताना पारिभाषिक शब्दांचे अर्थ विचारले आणि पदच्युत झालेल्या दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीपाशी येताच ती थबकली, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत एसेक्सच्या उमरावाचे बंड मोडले गेले होते. ही हकीकत तपशिलात कितपत विश्वसनीय आहे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र जुन्या कारकिर्दींची यादी म्हणजे जुन्या दाव्यांचीही यादी, हे राज्यकर्ते ओळखून होते, यात शंका नाही. पहिल्या जेम्सने तर १६१४ मध्ये पुराभ्यासक मंडळाच्या पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नासच नापसंती दर्शविली आणि ते मंडळ पुन्हा भरले नाही.

या पार्श्वभूमीवर ॲगार्डचे मृत्युपत्र वाचले पाहिजे. मृत्यूसमयी त्याच्यापाशी अनेक हस्तलिखित खंड होते. एक्सचेकरविषयक अकरा खंड त्याने खात्याकडे सोपविले. त्यांबद्दल आपल्या मृत्युपत्र-व्यवस्थापकांना कोषातून अल्पसे पारितोषिक मिळावे, अशी अट घातली. उरलेले सुमारे वीस खंड त्याने मित्र रॉबर्ट कॉटन यास दिले. या वाटणीत एक भूमिका दिसते. ज्यावाचून खात्याचे काम अडेल ते खात्याचे. तेही फुकट नव्हे, कारण श्रम कर्त्याचे. बाकीचे विद्याव्यासंगाचे, म्हणून ते विद्याव्यासंगी मित्राचे.

शासनातील सर्वांना ही भूमिका मान्य नव्हती. राज्यकागदांच्या कार्यालयाचा रक्षक टॉमस विल्सन याने १६१५ मध्येच हरकत घेतली. सरकारी दप्तरात चार-साडेचार दशके वावरलेल्या माणसाच्या संग्रहात सरकारी लेख मिसळलेले असणारच आणि कॉटनच्या हाती आधीच नको तितके राज्यकागद गेलेले आहेत, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. विल्सनचा स्वार्थ यात नव्हता असे नाही. कॉटनचा ग्रंथसंग्रह वाढणे म्हणजे त्याच्या कार्यालयाचे महत्त्व घटणे. तरीही आक्षेप निराधार म्हणता येत नाही. कॉटनकडे खरोखरच अनेक राज्यलेख होते. उसने नेलेले परत न जाणे हा त्या काळच्या सरदार-पंडितांचा नित्याचा व्यवहार होता. पाचव्या हानीविषयी बजावणाऱ्या लेखकाची स्वतःची टिपणे पाचव्या हानीच्या संशयात सापडावीत, हा प्रसंग म्हणूनच केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही. नोकरीच्या वेळात, सरकारी लेखांवरून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वहीत केलेले टिपण कोणाचे? ॲगार्डच्या काळात यावर नियम नव्हता. पुढील शतकांतही तो सावकाशच तयार झाला.

कॉटनच्या ग्रंथालयाचा पुढील इतिहास या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. राजाच्या कार्यालयांपेक्षा तेथे लेख सहज पाहावयास मिळत; पहिल्या चार्ल्सशी हक्कांसाठी भांडणाऱ्या पार्लमेंटच्या सभासदांनी आपले दाखले तेथून गोळा केले. १६२९ मध्ये एका राजद्रोही ठरविलेल्या पुस्तिकेचे निमित्त करून राजाने ग्रंथालयाला मोहोर लावली. १६३१ मध्ये कॉटन मरण पावला तोपर्यंत त्याला स्वतःच्या ग्रंथांचा मुक्त वापर पुन्हा करता आला नाही. ज्याला एक पक्ष 'उचलून नेणे' म्हणत होता, त्याच कृतीमुळे दुसऱ्या पक्षाला लेख वाचता आले, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी टॉमस पॉवेल याने चार कोषागारांतील लेखांची 'रिपर्टरी' छापली. तिचा मुख्य आधार ॲगार्डची टिपणे हाच होता. किल्ल्या घेऊन फिरणाऱ्या दोन माणसांचे ज्ञान अशा रीतीने बाजारात विकत मिळू लागले.

ॲगार्डने मोजलेल्या हानींपैकी पहिली त्याच्या वारशाला दोनदा भेटली. कॉटनचा संग्रह पुढे राष्ट्राच्या मालकीचा झाला. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी तो ठेवलेल्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली. ९५८ हस्तलिखितांपैकी ११४ नष्ट वा निरुपयोगी झाली आणि ९८ सदोष झाली, असे चौकशीत निष्पन्न झाले. उरलेला संग्रह १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आला. दुसरी आग १६ ऑक्टोबर १८३४ ची. टॅलीची पद्धत १८२६ मध्ये बंद झाल्यावर शेकडो वर्षांच्या काठ्या साठून राहिल्या होत्या. त्या लॉर्ड्‌स सभागृहाखालच्या भट्ट्यांत दिवसभर जाळण्यात आल्या. धुरांडी तापली आणि त्या रात्री जवळजवळ सारा वेस्टमिन्स्टर राजवाडा भस्मसात झाला. ॲगार्डच्या हाताखालून गेलेल्या हिशेबाच्या काठ्याच आगीचे इंधन ठरल्या. चॅप्टर हाउस वाचले. तोपर्यंत तेथे हलविलेला 'डूम्सडे'ही वाचला.

त्या वेळी चॅप्टर हाउसमधील दप्तराचा रक्षक फ्रान्सिस पॅलग्रेव्ह होता. त्याने १८३६ मध्ये जुन्या सूची व जंत्र्यांचे तीन खंड प्रसिद्ध केले. त्यांत ॲगार्डचा 'कॉम्पेंडियम' समाविष्ट आहे आणि आजचे अभ्यासक तो मुख्यतः याच पाठावरून वाचतात. १८३८ च्या कायद्याने सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्थापन झाले व त्याची प्रत्यक्ष सूत्रे पॅलग्रेव्हकडे आली. त्यानंतरच्या काही दशकांत चारही कोषागारांतील लेख चान्सरी लेनवरील नव्या इमारतीत नेण्यात आले आणि तेथून विसाव्या शतकात लंडनच्या पश्चिमेस क्यू येथे. ॲगार्डच्या अनुक्रमण्या तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

ॲगार्डला वेस्टमिन्स्टर मठाच्या ओवरीत, चॅप्टर हाउसच्या दाराशी पुरले. त्याच्या समाधीवरील लॅटिन लेखात त्याचा निर्देश 'येथे जवळच ठेवलेल्या राजलेखांचा साक्षेपी शोधक' या आशयाच्या शब्दांत आहे. दोनशे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते विधान अक्षरशः खरे होते. लेख हलविल्यापासून त्यातील 'जवळच' हा शब्द तेवढा खोटा ठरला आहे.